पेनिवाइज ते नंदुरबारची ‘डाकीण’: काल्पनिक खुन्याची जन्मकथा कशी रचली जाते?

अमेरिकेच्या मेन राज्यातलं डेरी हे गाव नकाशावर सापडत नाही. स्टीफन किंग यांनी ते आपल्या कथा-कादंबऱ्यांसाठी रचलं. १९८६ साली आलेल्या ‘इट’ या त्यांच्या कादंबरीत दर २७ वर्षांनी या गावात एक अमानवी शक्ती जागी होते. ती विदूषकाचं रूप घेते आणि लहान मुलांना खाते. हाच तो पेनिवाइज. ‘इट’वरचे दोन सिनेमे २०१७ आणि २०१९ मध्ये आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘इट: वेलकम टू डेरी’ ही मालिका सुरू झाली. ही मालिका प्रेक्षकांना सिनेमांच्या आधीच्या काळात, १९६२ मध्ये घेऊन जाते.

नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे तालुके मात्र नकाशावर आहेत. सातपुड्याच्या या डोंगररांगांतही माणसं खाणाऱ्या एका काल्पनिक खुन्याची गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. तिला डाकीण म्हणतात. पेनिवाइजचा मुखवटा एक नट चढवतो आणि चित्रीकरण संपलं की उतरवून ठेवतो. डाकीण हे नाव गावातल्या खऱ्याखुऱ्या बाईला चिकटतं आणि ते उतरवणं तिच्या हातात राहत नाही.

या दोन गोष्टी एकमेकींपासून कितीही लांबच्या वाटल्या, तरी त्या रचण्याची पद्धत एकच आहे. ती समजली, तर डाकीण ठरवण्याचा प्रकार कुठे थांबवता येईल हेही कळतं.

प्रीक्वेल म्हणजे नेमकं काय?

आधी आलेल्या कथेच्या मागचा काळ दाखवणारी कथा म्हणजे प्रीक्वेल. हॉररमध्ये हा प्रकार बराच चालतो. ‘टेक्सस चेनसॉ मॅसेकर’ (१९७४) मधल्या लेदरफेस या खुन्याचा भूतकाळ २००६ आणि २०१७ मध्ये पुन्हा पडद्यावर आला. हॅनिबल लेक्टरचं बालपण ‘हॅनिबल रायझिंग’ (२००७) मध्ये दिसलं. ‘सायको’ मधला नॉर्मन बेट्स तरुणपणी कसा होता, हे सांगायला ‘बेट्स मोटेल’ (२०१३ ते २०१७) ही मालिका झाली. ‘एक्स’ मधली म्हातारी खुनी तरुणपणी कोण होती, हे ‘पर्ल’ (२०२२) मध्ये कळलं.

या सगळ्यांत शेवट आधीच ठरलेला असतो. हा माणूस पुढे खुनी होणार, हे प्रेक्षकाला माहीत असतं. लेखकाचं काम उरतं ते मागे जाऊन कारणं शोधण्याचं. मग लहानपणीचा मार, आईचा धाक, एकटेपणा, एखादा विचित्र छंद असं सगळं पुराव्यासारखं दिसू लागतं. एरवी सहज विसरता आली असती अशी घटनासुद्धा ‘तेव्हाच कळायला हवं होतं’ या रांगेत जाऊन बसते.

सिनेमात यात काही वावगं नाही. तिथं खून लेखकानेच घडवलेला असतो आणि खुनीही त्यानेच निवडलेला असतो.

डाकीण कशी ‘ठरते’?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आहे आणि त्यात जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा असे अनेक समाज इथं राहतात. डाकिणीवरचा विश्वास सर्वांत सारखा नाही. तो न मानणारी आणि त्याविरुद्ध उभी राहणारी माणसंही याच समाजांत आहेत.

डाकीण आपल्या नजरेनं किंवा मंत्रानं माणसाला आजारी पाडते, आतून खाते, गुरांचं दूध आटवते, अशी समजूत आहे. पण डाकीण हिंडताना कुणाला दिसली आणि मग कुणी आजारी पडलं, असं होत नाही. आधी मूल आजारी पडतं किंवा माणूस दगावतो. मग घरचे भगताकडे जातात. भगत दाणे टाकून किंवा अंगात आणून सांगतो की हे कुणीतरी केलेलं आहे. त्यानंतर ‘कुणी?’ हा प्रश्न येतो आणि एखाद्या बाईकडे बोट दाखवलं जातं.

इथून पुढे जे घडतं ते प्रीक्वेल लिहिण्यासारखंच असतं. गाव त्या बाईचा भूतकाळ नव्यानं आठवू लागतं. तीन वर्षांपूर्वी तिचं कुणाशी तरी भांडण झालं होतं आणि त्याच पावसाळ्यात त्या घरची शेळी मेली होती. तिनं बाळाकडे जरा जास्त वेळ बघितलं होतं. तिचा नवरा लवकर गेला होता. यातली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते. खोटा असतो तो त्यांना जोडणारा धागा, आणि शेवट ठरल्यावर असा धागा कुणाच्याही आयुष्यात सापडतो.

त्याचे परिणाम मारहाण, वाळीत टाकणं, गाव सोडायला लावणं इथपासून खुनापर्यंत जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात खुनाच्या कारणांमध्ये ‘जादूटोणा’ असा वेगळा रकाना असतो. २०२२ मध्ये त्यात देशभरातले ८५ खून नोंदवले गेले. गाव सोडून मुकाट निघून गेलेली बाई या रकान्यात कुठेच येत नाही.

सहानुभूतीची जन्मकथा पुरेशी का नाही?

गेल्या काही वर्षांत हिंदी हॉररनं चेटकिणीची जन्मकथा बदलली आहे. ‘एक थी डायन’ (२०१३) मधली डायन सरळसरळ दुष्ट होती आणि तिची ताकद वेणीत होती. ‘स्त्री’ (२०१८) मधल्या भुताच्या मागे एका बाईवर झालेला अन्याय आहे. ‘बुलबुल’ (२०२०) मध्ये तर चेटकीण म्हणजे घरातल्या पुरुषांनी छळलेली सून आहे. प्रेक्षकाची सहानुभूती तिच्याकडे जावी, अशीच या कथेची मांडणी आहे.

सिनेमा म्हणून हा बदल स्वागतार्ह आहे. पण या नव्या कथांतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: मारणारी तीच आहे. कथा तिला क्षमा करते, निर्दोष मात्र म्हणत नाही. सातपुड्यातल्या बाईला अशा क्षमेचा उपयोग नाही. ‘तिच्यावर अन्याय झाला म्हणून ती डाकीण झाली’ असं म्हणणाऱ्यानंही तिला डाकीण ठरवलेलंच असतं. तिनं कुणालाही मारलेलं नाही, म्हणून तिच्या बाबतीत ‘ती खुनी का झाली?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘या मृत्यूचं कारण काय?’ हा प्रश्न विचारायला हवा.

‘वेलकम टू डेरी’ मध्येही हा धागा येतो. मुलांचे मृत्यू होतात ते पेनिवाइजमुळे. पण गावाला दिसणारा आरोपी हवा असतो आणि संशय जातो सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसावर. त्याच्याविरुद्ध पुरावा नसतो, फक्त गावाच्या मनात त्याची जागा आधीच ठरलेली असते. राक्षस खरा असलेल्या गोष्टीतही गाव चुकीच्याच माणसाला पकडतं.

मग मृत्यूचं खरं कारण कुठे असतं?

बऱ्याचदा ते आजारात आणि दवाखान्यापर्यंतच्या अंतरात असतं. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नर्मदाकाठच्या गावांसाठी सरकारला बोटीवर तरंगता दवाखाना चालवावा लागला. ज्या घराला निदान वेळेवर मिळत नाही, त्याला स्पष्टीकरण मात्र लगेच हवं असतं. भगत ते त्याच रात्री देतो.

सिकलसेलचं उदाहरण पाहा. या रक्तविकाराचं प्रमाण इथल्या आदिवासी समाजांत जास्त आहे. आई आणि वडील दोघंही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक आई-वडील स्वतः धडधाकट दिसतात. त्यांच्या एका मुलाला अंगदुखीचे तीव्र झटके येतात, कावीळ होते, ते वारंवार आजारी पडतं, आणि दुसरं मूल ठणठणीत राहतं. आनुवंशिकता माहीत नसलेल्या घराला यात ‘कुणीतरी एकाच मुलाला धरलं’ असं वाटणं सोपं आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्यातली रक्ततपासणी आजारासाठी आहे, पण ती डाकिणीच्या संशयालाही उत्तर ठरू शकते.

दुसरं कारण जमिनीत आणि नात्यांत असतं. एकटी राहणारी विधवा, मूल नसलेली बाई, जमिनीवर हक्क सांगणारी बाई यांच्यावर बोट ठेवणं सोपं जातं. आरोप झाला की ती गावातून जाते, आणि शेत मागे राहतं.

हा फक्त आदिवासी भागाचा प्रश्न आहे का?

नाही. करणी आणि भानामतीचे संशय महाराष्ट्रभर आढळतात. अमेरिकेतल्या सेलम इथं १६९२ मध्ये सुरू झालेल्या चेटूक खटल्यांत १९ जणांना फाशी दिली गेली, आणि त्यात न्यायाधीश होते, कागदपत्रं होती.

नंदुरबारच्या शेजारीही एक अलीकडचं उदाहरण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा मोबाइलवर फिरत होते. ती टोळीही काल्पनिकच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळे न्यायालयानं या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली. डाकिणीची गोष्ट भगताकडून येते, टोळीची मोबाइलवरून आली. दोन्हीकडे खुनी आधी ठरला आणि माणूस नंतर सापडला.

कायदा काय सांगतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारनं जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. कायद्याच्या अनुसूचीत १२ प्रकारची कृत्यं आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई पसरते किंवा गुरांचं दूध आटतं असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. चेटुकाच्या नावाखाली मारहाण करणं, नग्न धिंड काढणं, रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणं हेही गुन्हे आहेत.

शिक्षा सहा महिने ते सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपयांपर्यंत आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे मारहाण होण्याची वाट न पाहता, डाकीण म्हणून छळ सुरू झाला की पोलिसांत तक्रार करता येते.

अडचण पुढे येते. तक्रार करायची ती स्वतःच्याच भाऊबंदांविरुद्ध, आणि नंतर राहायचं त्याच पाड्यावर. साक्षीदारही तिथलेच. शिक्षा झाली तरी गावानं रचलेली गोष्ट आपोआप पुसली जात नाही.

ही गोष्ट कुठे थांबवता येते?

प्रीक्वेल रचायला वेळ लागतो. गावातही मृत्यू आणि आरोप यांच्यामध्ये काही दिवस जातात. भगताकडच्या फेऱ्या, कुजबुज, पंचांची बैठक असं सगळं त्या काळात होतं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पोलीस पाटील यांना या गोष्टी कानावर येतातच. त्याच दिवसांत कुणीतरी दुसरी जन्मकथा सांगायला हवी, मूल कशानं गेलं त्याची: ताप कधी आला, रक्त तपासलं होतं का, रुग्णवाहिका कुठपर्यंत पोचली, दवाखान्यात डॉक्टर होते का.

त्या गोष्टीत खुनी सापडेलच असं नाही. कदाचित एक बिघडलेला रस्ता सापडेल, एक रिकामं पद सापडेल. त्यांच्यावर हॉरर मालिका निघणार नाही, पण एक बाई आपल्या घरात राहू शकेल.