तीन डब्यांचा हिशेब आत्ताच करा

नागपूर मेट्रोचा ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरकडे निघाला आहे. त्याचे स्वागतच. पण बुटीबोरीचा कामगार आणि कन्हानचा विद्यार्थी जुन्याच मार्गावरून सीताबर्डीला येणार, तिथेच गाडी बदलणार. आजची गाडी मात्र तीन डब्यांची आहे.

अपुऱ्या डब्यांची किंमत मुंबईने मोजली आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये चार डब्यांनी सुरू झाली आणि अंधेरी, घाटकोपरची गर्दी फुगूनही दशकभर चारच डब्यांवर अडली. भुयारी मेट्रो-३ला पहिल्या दिवसापासून आठ डबे मिळाले, हे शहाणपण. जमिनीखालचा फलाट मागाहून लांबवणे फार अवघड आणि खर्चिक असते.

डबे वाढवणे हा एकच उपाय नव्हे. लंडनच्या भुयारी व्हिक्टोरिया लाइनने नवी सिग्नल यंत्रणा आणि नव्या गाड्यांच्या बळावर २०१७ मध्ये गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्यांचा पल्ला गाठला. नागपुरातही आधी दोन गाड्यांमधला वेळ असाच कमी व्हायला हवा. मे महिन्याच्या उन्हात मेट्रोची वाट पाहावी लागली, की माणूस पुन्हा दुचाकीची किल्ली उचलतो. तो एकदा दुरावला की परतणे कठीण.

नागपूर मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोने गर्दीच्या वेळचे नवे वेळापत्रक, जादा गाड्यांची गरज आणि खरेदीच्या तारखा दुसरा टप्पा सुरू होण्यापूर्वी जाहीर कराव्यात.