मजुरी नाही, म्हणून काम नाही काय?

गावात चौकशीस गेलेला कार्यकर्ता घरधन्यास विचारतो, "घरात काम करणारी माणसे किती?" उत्तर मिळते, "मी आणि थोरला मुलगा. मंडळी घरीच असतात." ही घरी असणारी मंडळी त्या वेळी अंगणात भात पाखडीत असतात. तरीही तक्त्यात त्यांच्या नावापुढे रेघ पडते. ही रेघ किती महाग पडते, हे सानपाड्याच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

सानपाडा हे ठाणे खाडीच्या काठचे आगरी वस्तीचे गाव. पावसाळ्यात भात, एरवी मीठ व मासळी, असा या खाडीकाठच्या गावांचा वर्षक्रम असे. आवण काढणे, लावणी, निंदणी, कापणी, पाखडणी यांतील पुष्कळसे काम स्त्रियांच्या हातून होई. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधही सांभाळावे लागत. घरच्या माणसांना या कामाची मजुरी कोण देणार? पीक घरात आले, हीच मजुरी.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसविण्यासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले. सानपाडा त्यांपैकीच एक. मोबदला मिळाला तो जमिनीवर ज्याचा कायदेशीर हक्क, त्यास. १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, त्यात पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, तीही खातेदाराच्याच हिशेबाने. ज्या स्त्रीचे नाव उताऱ्यावर नव्हते, तिचे काम जमिनीबरोबर गेले. परंतु तिचे काम गेले असे कोणी म्हटले नाही. कारण ते होते असे कोठे लिहिलेलेच नव्हते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही उणीव काही अंशी दूर केली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात शेतमजुरी करून पोट भरणारी भूमिहीन कुटुंबेही आता बाधित मानली जातात, आणि विधवा व परित्यक्ता यांचे कुटुंब स्वतंत्र धरले जाते. तथापि नांदत्या घरातील स्त्रीचे श्रम अद्याप कुटुंबाच्या नावाखालीच झाकलेले राहतात.

मग काम कशास म्हणावे? मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९३४ साली एक सोपी कसोटी सांगितली. जे आपल्याऐवजी दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेता येते, ते काम होय. पाणी भरणे, गोठा झाडणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे या कसोटीस उतरतात. श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही स्वतःच्या वा इतरांच्या उपयोगासाठी वस्तू निर्माण करणे वा सेवा देणे यास काम म्हटले. वेतन हा त्यातील केवळ एक प्रकार. आपल्या देशातील २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले; पुरुषांचा ८८ मिनिटे.

कोणी म्हणतील, घरचे काम हे कर्तव्य आहे. ते मोजू लागल्यास मायेचाही बाजार होईल. हे म्हणणे आम्हांस पटत नाही. श्रमदानाचे दिवस आपण नोंदवहीत अभिमानाने लिहितो. त्याने श्रमदानाचे मोल कमी होत नाही. मोजणे म्हणजे विकणे नव्हे. जे मोजले जात नाही, त्याचा विचार योजना आखताना होत नाही, इतकेच आमचे सांगणे आहे.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी "काम करता काय?" असा प्रश्न न विचारता "आज पहाटेपासून काय काय केले?" असे विचारावे, आणि ते त्या स्त्रीसच विचारावे. घरच्या शेतात विनामजुरी राबणारी व्यक्तीही जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे काम करणारीच ठरते, हे विसरू नये. बियाणे, खते वा पशुपालन यांविषयीचे वर्ग तिला सवड असेल त्या वेळी भरवावेत. निंदणी व निवडणी जी करते, तिलाच त्या ज्ञानाचा उपयोग अधिक. शेतकरी बंधूंनीही जमिनीच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा विचार करावा. सानपाड्याच्या भातखाचरांवर आता इमारती उभ्या आहेत. तेथील नोंद दुरुस्त होणे नाही. आपल्या गावची शेते अजून पिकत आहेत. तोवरच ती रेघ पुसून तेथे नाव लिहावे.