झोपेतली जाग

मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिवशाच्या आमच्या वस्तीतील एक काकू सकाळीच दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे तारवटलेले. आम्ही चहा ठेवायला सांगितला, तर म्हणाल्या, "चहा राहू द्या भाऊ. तुमचे काका रोज सपनात येतेत. दारात उभे राह्यतेत अन् पानी मागतेत. द्याले जातो म्हनलं त् माहा हातच उचलत नाई."

काका हमाली करायचे. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. शेवटच्या दिवशी दवाखान्यात ते पाणी मागत होते आणि डॉक्टरांनी पाणी द्यायला मनाई केली होती. काकू उशाशी बसून होत्या. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

नातेवाइकांनी निदान करून टाकले होते : जीव तहानलेला आहे. जवळच्या खेड्यातल्या एका भगताने कोंबडा, नारळ आणि तीन हजार रुपये सांगितले होते. ज्या घरातला देव्हारा १९५६ नंतर निघाला, त्या घरात आता कोंबडा यायच्या बेतात होता. "सगळं खोटं असतं हो" हे वाक्य आमच्या ओठांवर आले होते. पण रात्री दोन वाजता घाम फुटून उठणाऱ्या बाईला ते म्हणून काय उपयोग? तिला दिसते ते तिलाच दिसते.

आम्हाला आमचे स्वप्न आठवले. आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. होऊन वीस वर्षे उलटली, तरी तेरीज जुळत नाही हे स्वप्न सुटले नव्हते. नव्वद पैशांचा फरक, बाहेर साहेब उभे आणि आम्ही पाने उलटतोय. एका रात्री त्याच स्वप्नात आम्ही एक आकडा वाचला, मान वर केली, पुन्हा वाचला तर आकडा वेगळाच! खतावणीत असे कधी होत नाही. तेव्हा झोपेतच लख्ख कळले की हे स्वप्न आहे. इतका आनंद झाला की त्या आनंदानेच जाग आली.

याला इंग्रजीत 'ल्युसिड ड्रीम' म्हणतात. हॉलंडचे डॉक्टर फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी १९१३ साली हा शब्द रूढ केला. आपण सजग स्वप्न म्हणू. झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात, बाकी शरीर मात्र लुळे पडलेले असते. ठळक स्वप्ने बहुधा याच टप्प्यात पडतात आणि पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली तो जगापुढे मांडला. डोळे तेवढे हलतात ना? मग त्यांनीच खूण करायची! इंग्लंडमध्ये हल येथे एप्रिल १९७५ मध्ये कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाला यंत्राला जोडून झोपवले. स्वप्न आहे हे कळताच वर्स्लीने ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले. यंत्र सांगत होते, माणूस गाढ झोपेत आहे. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हे स्वतंत्रपणे सिद्ध केले आणि शिकण्याची रीतही बसवली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर झोपलेल्या माणसाला आठातून सहा गेले किती, असे विचारले आणि त्याने डोळे दोनदा हलवून बरोबर उत्तर दिले. आमच्या कचेरीत जागेपणी एवढे मिळत नाही!

आपल्या वाचकांना यात फार परके वाटू नये. सतिपट्ठान सुत्तात चालताना-बसताना जशी जागरूकता सांगितली, तशी झोपताना व जागतानाही सांगितली आहे. राजा मिलिंदाने भन्ते नागसेनांना स्वप्नाविषयी विचारले, तेव्हा गाढ झोपेत नव्हे आणि जागेपणीही नव्हे, तर मधल्या माकडझोपेत स्वप्न दिसते, असे उत्तर त्यांनी दिले. मैत्रीभावनेचे अकरा लाभ तर पुष्कळांना पाठ असतील. सुखाने झोपणे, सुखाने उठणे आणि वाईट स्वप्न न पडणे हे त्यातले पहिले तीन.

शिकायचे कसे? उशाशी वही-पेन्सिल ठेवावी. जाग येताच, अंथरुणातून न उठता, आठवेल तेवढे स्वप्न लिहावे. आमची पहिली आठ पाने 'काही आठवत नाही' याच वाक्याची आहेत. दिवसातून चार-पाचदा स्वतःला खरोखर विचारावे : आता मी स्वप्नात तर नाही? दुकानाची पाटी वाचावी, नजर काढून पुन्हा वाचावी. स्वप्नात अक्षरे बहुधा बदलतात. ही सवय मग स्वप्नातही उतरते. पहाटे जाग आली तर नुकतेच पडलेले स्वप्न मनात घोळवत ठरवावे की पुन्हा स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मी ओळखेन, आणि झोपी जावे. ओळखले की हुरळून जाऊ नये, नाहीतर आमच्यासारखी जाग येते. स्वप्नातच तळहात चोळत राहावे, म्हणजे स्वप्न टिकते. आम्हाला दुसरे सजग स्वप्न पडायला दोन महिने लागले. साहेबांना आत बोलावून खुर्ची दिली, एवढेच जमले.

मात्र यापायी झोप मोडू नये. रात्रपाळीवाल्यांनी गजर लावून उठण्याचा प्रकार करूच नये, त्यांची झोप आधीच कापलेली असते. मानसिक आजाराची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. आणखी एक. कधी मन जागे होते आणि शरीर लुळेच राहते. छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, ओरडता येत नाही. त्याला आपल्याकडे मुंज्या बसला म्हणतात. काही क्षणांत ते आपोआप सुटते. (स्वप्नात साप दिसला की आकडा काढून मटक्यावर लावणारेही टपरीवर आहेत. त्यांना ही वही देऊन उपयोग नाही.)

काकूंना लिहिता येत नाही. त्यांना आम्ही सोपे सांगितले. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्राको यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना छळणाऱ्या स्वप्नांचा शेवट जागेपणी बदलून तो रोज मनात घोळवायला लावला आणि त्यांची वाईट स्वप्ने कमी झाली. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आहे. आम्ही म्हटले, "काकू, झोपण्याआधी डोळे मिटून रोज बघा. काका आले, तुम्ही उठल्या, मडक्यातून पेला भरला, त्यांच्या हातात दिला." लेकीला बजावले, रोज आठवण कर. भगताला थांबायला सांगितले.

तीन आठवडे काही झाले नाही. भगताचा निरोप दोनदा येऊन गेला. मग एक दिवस काकू पुन्हा दारात. या वेळी चहा घेतला.

"देल्लं भाऊ. घटाघटा पेले अन् पेला उलटा करून ठेवला, घरी ठेवत होते तसाच."

"स्वप्न आहे हे कळलं होतं का तुम्हाला?"

"थे काय मले समजत नाई." जरा थांबून म्हणाल्या, "येतेत अजून मंदामंदात. पन आता मी भेत नाई. येतेत, बसतेत, जातेत."