‘रास्त अपेक्षा’ नेमक्या कोणाच्या?

गुंतवणूक-संरक्षण करार हा वकिलांनी वाचायचा मजकूर आहे, असे साहित्याच्या अभ्यासकांनी गृहीत धरले आहे. वास्तविक या मजकुराला चिकित्सक वाचकाची नितांत गरज आहे. ‘न्याय्य व समन्यायी वागणूक’ हा या करारांतील लाडका शब्दप्रयोग. त्याचा अर्थ करारात क्वचितच सांगितलेला असतो. तो लावतात लवादाचे, बहुधा तीन, सदस्य. त्यांनी त्यातूनच गुंतवणूकदाराची ‘रास्त अपेक्षा’ नावाची, मूळ मजकुरात सहसा नसलेली, संकल्पना उभी केली. संहितेपेक्षा भाष्यकार मोठा झाला तर काय होते, ते आपल्याला शिकवायला नको.

हा प्रश्न यवतमाळहून पाहावा. २०१७च्या खरिपात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन, सरकारी आकड्यांनुसारही, वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले; शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर राज्य शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली, ती साठ दिवसांची. १९६८च्या कीटकनाशक कायद्याचे कलम २७ राज्याला एवढाच अधिकार देते: चौकशी होईपर्यंत साठ दिवस, फार तर आणखी तीस. बंदी आली तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता. लोकनियुक्त शासनाचा नियमनाचा अधिकार मुळातच एवढा तोकडा आहे. त्यावर आणखी एक कुंपण घालायचे काय, हा खरा मुद्दा आहे.

हे कुंपण कसे असते, ते कॅनडात दिसले. क्यूबेक प्रांताने हिरवळीवरील तणनाशकांवर बंदी घातली. तीत ‘२,४-डी’ हे रसायन होते. डाऊ अ‍ॅग्रोसायन्सेस कंपनीने २००९मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली कॅनडाविरुद्ध लवादात दावा लावला. २०११मध्ये तडजोड झाली. बंदी टिकली, भरपाईही द्यावी लागली नाही. मग बिघडले काय, असे कोणी विचारेल. बिघडले ते असे, की लेबलवरील सूचना पाळल्यास या रसायनापासून अस्वीकारार्ह धोका नाही, अशा आशयाचे निवेदन क्यूबेकला करावे लागले. यवतमाळच्या मृत्यूंनंतर आपण हेच ऐकले नाही काय? मजुराने हातमोजे घातले नाहीत, तोंड झाकले नाही! डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, विदर्भाच्या उकाड्यात, रोजंदारीवर पंप पाठीवर घेतलेल्या माणसावर सगळा दोष टाकणारे हे वाक्य दोन्ही खंडांत सारखेच उपयोगी पडते.

करारांचे समर्थक म्हणतात, भारतीय न्यायालये संथ आहेत. विदेशी गुंतवणूकदाराने काय करावे? या युक्तिवादाला फळही आले आहे. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचे कोल इंडियाविरुद्धचे प्रकरण आपल्या न्यायालयांत नऊ वर्षांहून अधिक काळ रखडले, म्हणून २०११मध्ये लवादाने भारताला दोषी ठरवून भरपाई द्यायला लावली. त्यासाठीचे कलम ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात नव्हतेच; ते कुवेतशी केलेल्या करारातून उसने घेण्यात आले. म्हणजे विलंब हा कंपनीच्या बाबतीत भरपाईयोग्य अन्याय ठरतो आणि तारखांना हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत प्राक्तन. विषबाधाग्रस्तांच्या कुटुंबीयांनी २०२०मध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली; कंपनीने जबाबदारी नाकारली. त्यांच्यासाठी असा कोणताही लवाद बसलेला नाही.

या अनुभवातून शहाणे होऊन भारताने २०१५मध्ये आदर्श कराराचा नवा मसुदा केला. त्यातून ‘न्याय्य व समन्यायी वागणूक’ वगळली आणि लवादाकडे जाण्यापूर्वी पाच वर्षे देशांतर्गत दाद मागण्याची अट घातली. पुढे अनेक जुने करारही संपुष्टात आणले. संयुक्त अरब अमिरातींशी २०२४मध्ये अमलात आलेल्या करारात मात्र ही पाच वर्षे तीनवर आली. २०२५च्या अर्थसंकल्पात हा मसुदाच अधिक ‘गुंतवणूकदार-स्नेही’ करण्याची घोषणा झाली. संरक्षणाविना भांडवल येत नाही, हे म्हणणेही तपासून घ्यावे: विदेशी कंपन्यांना असे लवाद खुले करणारे करार ब्राझीलने कधी अमलात आणले नाहीत, तरी तेथे विदेशी भांडवलाचा ओघ मोठा राहिला आहे.

असे करार करण्यासाठी आपल्याकडे संसदेच्या संमतीची अट नाही. म्हणूनच मसुदा बदलण्यापूर्वी तो जाहीर व्हावा, त्यावर संसदेत चर्चा व्हावी आणि सार्वजनिक आरोग्यासाठी केलेले नियमन लवादाच्या कक्षेबाहेर राहील, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले जावे. फवारणी करून संध्याकाळी धडधाकट घरी परतावे, ही अपेक्षाही रास्तच आहे. ती कोणत्याच करारात लिहिलेली नाही.