स्नानसंस्कार आणि जातीचा दाखला



वडीगोद्रीस आरक्षणाची चर्चा नवी नाही. २०२४ च्या जूनमध्ये याच गावी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणार्थ उपोषण झाले. त्या दिवसांत आपल्यापैकीच काहींच्या तोंडून मी ऐकले की, ख्रिस्ती झालेल्या दलितांचा अनुसूचित जातींशी आता संबंध उरलेला नाही. आपल्या वाट्यात त्यांना वाटेकरी करू नये. हे मत मला मान्य नाही. त्याचे कारण कॅथलिक संस्कारांच्या इतिहासातच सापडते.

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. ही संख्या बाराव्या शतकात पीटर लोंबार्ड याच्या ग्रंथाने रूढ झाली आणि १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ती कायम केली. स्नानसंस्काराने आत्म्यावर न पुसणारी मुद्रा उमटते, म्हणून तो दुसऱ्यांदा देता येत नाही, हेही त्याच सभेने सांगितले. ही मुद्रा ब्राह्मणाला निराळी व अस्पृश्याला निराळी, असे त्या सिद्धांतात कोठेही नाही.

व्यवहार मात्र पाहा. सतराव्या शतकात मदुराईच्या मिशनमध्ये उच्चवर्णीयांसाठी संन्याशाच्या वेषातले धर्मगुरू वेगळे व खालच्या जातींसाठी वेगळे, अशी व्यवस्था झाली. स्नानसंस्कारातील थुंकी लावण्याचा विधी येथील लोकांना किळसवाणा वाटतो म्हणून गाळला गेला. ते एक वेळ समजू शकते. परंतु परैयर जातीचा ख्रिस्ती मरणशय्येवर असला तरी त्याच्या झोपडीत शिरून अंत्याभ्यंग देण्यास धर्मगुरू कचरत; कारण तेथे शिरलेल्याला वरच्या जातींत थारा नसे. १७०४ साली पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी पाँडिचेरी येथे हुकूम काढून झोपडीत जाणे बंधनकारक केले. चाळीस वर्षे वाद चालला. अखेर १७४४ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या आज्ञापत्राने परैयरांसाठी स्वतंत्र धर्मगुरू नेमण्याचा मार्ग निघाला. संस्कार झोपडीपर्यंत पोहोचला, पण जातीच्याच वाटेने.

आता कायदा पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षे आपणही केंद्राच्या दारात असेच उभे होतो! १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतरानंतरही तीच दुःस्थिती टिकते याचा पुरावा मागितला. मी वकील आहे. १७०४ चा तो हुकूम हाही पुरावाच आहे, असे मी म्हणेन. जी रूढी नव्हतीच, ती मोडण्यासाठी कोणी हुकूम काढीत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका अर्जदार स्त्रीला न्यायालयाने अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे भासविणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असे न्यायालयाने म्हटले. खोट्या दाव्याचे समर्थन मीही करणार नाही. परंतु तिच्याविरुद्ध आलेल्या पुराव्यात स्नानसंस्काराची नोंद होती, आणि तो संस्कार झाला तेव्हा ती तान्ही होती. आपल्या वडिलधाऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञा स्वमुखाने उच्चारल्या; त्या अर्भकाने काय उच्चारले होते?

रंगनाथ मिश्र आयोगाने तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली, तो अहवाल २००७ चा. वाटा कमी होण्याचे आपल्या लोकांचे भय खोटे नाही. यास्तव परिच्छेद वगळावा आणि वाढलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागाही वाढवाव्यात, असा जोडठराव मी तालुक्याच्या पुढील सभेत मांडणार आहे. विरोध असणाऱ्यांनी तेथे येऊन बोलावे.