पहिले २४ तास चुकले तर? आईकडून बाळाला होणारी ‘ब’ कावीळ आणि आपली तयारी

विशेष विश्लेषण | कळंब, ता. वसई

कळंबची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. माहेर कधी विक्रमगडला, कधी डहाणूला, कधी पार जव्हारला. सोबत कपड्यांची पिशवी असते, डिंकाचे लाडू असतात. रक्ताच्या तपासणीचा कागद मात्र सासरच्या कपाटात राहतो. शनिवारी रात्री कळा येतात, बाळ सुखरूप जन्मतं, पेढे वाटले जातात. बाळाला पहिल्या दिवशीची हिपॅटायटिस बीची लस मिळाली का, हे विचारायचं मात्र सगळेच विसरतात.

या एका चुकीची किंमत बाळ पुढे आयुष्यभर मोजू शकतं. म्हणून हा विषय.

पिवळी न दिसणारी कावीळ

आपल्याकडे कावीळ म्हटलं की पिवळे डोळे, गळ्यात माळ आणि झाडपाल्याचं औषध. पण हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ कावीळ, बहुतेक वेळा गुपचूप राहते. अंगात विषाणू असतो, माणूस शेतावर जातो, बोटीवर जातो, लोकलने नोकरीला जातो. त्रास काहीच नाही. अनेकांना पहिल्यांदा कळतं ते रक्तदान करताना किंवा आखाती देशातल्या नोकरीसाठी मेडिकल करताना. वीस-तीस वर्षांनी लिव्हर कडक होतं, काहींना लिव्हरचा कॅन्सर होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात जवळपास ३ कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता. त्यातल्या अनेकांना लागण झाली ती जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी.

बाळाचं शरीर लढत का नाही?

मोठ्या माणसाला लागण झाली तर शरीर विषाणूशी लढतं आणि बहुतेक जण बरे होतात. शंभरात पाचपेक्षा कमी लोकांत आजार कायमचा राहतो. जन्मताच लागण झालेल्या बाळांत मात्र हाच आकडा शंभरात ९० च्या आसपास जातो.

कारण समजायला सोपं आहे. बाळाची प्रतिकारशक्ती जन्माच्या वेळी आपलं कोण, परकं कोण हे शिकत असते. घरातलं कुत्रं लहानपणापासून पाहिलेल्या माणसावर भुंकत नाही, तसंच इथे होतं. विषाणू पहिल्याच दिवशी घरात शिरला की शरीर त्याला फारसा विरोध करत नाही. म्हणून बाळ पिवळं पडत नाही, तापत नाही, छान दूध पितं. आणि आपण समजतो, सगळं ठीक आहे.

लस काय करते? विषाणू पाय रोवायच्या आधी शरीराला त्याची ओळख ‘चोर’ म्हणून करून देते. म्हणून ती २४ तासांच्या आत हवी. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीबरोबर ‘एचबीआयजी’ नावाचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर डॉक्टर तिला गरोदरपणातच टेनोफोविरच्या गोळ्या सुरू करतात. हे सगळं वेळेवर झालं तर बहुतेक बाळं वाचतात.

मग अडतं कुठे?

पहिली गोष्ट, पिढीचं अंतर. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०११-१२ मध्ये देशभर लागू झाली. म्हणजे आज विशी-तिशीत आई होणाऱ्या बहुतेक मुलींना लहानपणी ही लस मिळालेली नाही. लस आहे, पण आया बिनलसीच्या. हे अंतर भरायला अजून काही वर्षं लागणार.

दुसरी गोष्ट, सुट्टीचा दिवस. लसीची बाटली दहा डोसांची असते. एका बाळासाठी फोडली तर बाकीची वाया जाईल, या भीतीने ‘सोमवारी या’ असं सांगितलं जातं. नियम तसा नाही. नीट थंड ठेवलेली उघडी बाटली २८ दिवस वापरता येते. सोमवार उजाडेपर्यंत २४ तास उलटलेले असतात.

तिसरी गोष्ट, घरी किंवा वाटेत झालेलं बाळंतपण. तिथे लस पोहोचतच नाही.

नवं संशोधन काय सांगतं?

प्रयोगशाळेतल्या एलायझा तपासणीत रंग उमटतो तो एन्झाइममुळे, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनामुळे. प्रथिन उष्णतेने बिघडतं, त्याला फ्रिज लागतो. २००७ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तसंच काम करतात. अशा नकली एन्झाइमला ‘नॅनोझाइम’ म्हणतात. ते जास्त टिकाऊ असल्याने दूरच्या उपकेंद्रात, वीज गेली तरी चालेल अशी तपासणी त्यातून घडू शकते.

आपल्या देशातही काम सुरू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये व्हॅनेडियमपासून बनवलेलं नॅनोझाइम वापरून पेशींमध्ये दडून बसलेला एचआयव्ही पुन्हा जागा होण्यापासून रोखला. एचआयव्हीसुद्धा आईकडून बाळाला होतो, म्हणून ही बातमी महत्त्वाची. पण हे पेशींवरचं काम आहे, दवाखान्यात मिळणारं औषध नाही. व्हॉट्सॲपवर कोणी ‘नवा इलाज आला’ म्हणून काही विकायला लागलं तर फसू नका.

उद्याचं तंत्रज्ञान उद्या येईल. आजची लस आज फुकट आहे.

घरच्यांनी काय करावं?

– गरोदरपणात ‘एचबीएसएजी’ तपासणी झाली का, हे सिस्टर किंवा आशाताईंना विचारा. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत.
– माता-बाल कार्ड आणि रिपोर्ट माहेरी जाताना बरोबर न्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.
– सरकारी असो की खासगी, बाळ झाल्यावर ‘झिरो डोस दिला का?’ हे विचारा आणि कार्डावर तारीख, वेळ लिहून घ्या.
– पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे पेंटाव्हॅलंट डोस चुकवू नका.
– आई पॉझिटिव्ह असली तरी बाळाला अंगावर पाजता येतं. तिचं ताट वेगळं करू नका. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही.

शेवटचा मुद्दा सासूबाई आणि नवऱ्यासाठी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे सुनेची चूक नव्हे. कदाचित तिलाही तो तिच्या जन्माच्या दिवशीच मिळाला असेल, कारण तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. तिच्या बाळाच्या वेळी विचारणारं माणूस घरात असू द्या.