स्विच स्वस्त, मजुरी महाग? आधी हिशेब समजून घ्या

‘दहा मिनिटांचं काम आणि एवढे पैसे?’ स्विच बदलून इलेक्ट्रिशियन गेला की घरोघरी हीच कुरकुर. पण आपण मोजतो ती फक्त दहा मिनिटं. त्याचं येणं-जाणं, पेट्रोल, सामानासाठी दुकानाची फेरी आणि तेवढ्या वेळात हुकलेलं दुसरं काम आपल्या हिशेबात नसतं. आयटीआयमध्ये २ वर्षं शिकलेल्या हाताचीही किंमत असते.

म्हणून घासाघीस सोडा, कामं साठवा. सैल सॉकेट, बंद बेल, आवाज करणारा पंखा यांची यादी करून एकाच फेरीत उरका. व्हिजिट चार्ज किती, तो मजुरीत धरणार का, हे फोनवरच विचारा. सामानाचं बिल वेगळं घ्या. कारागिरांनीही दर आधीच सांगावा. काम झाल्यावर आकडा ऐकला की वाद होतातच.

काटकसर कुठे नको? अर्थिंग आणि आरसीसीबीमध्ये. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी विजेची गळती होताच पुरवठा तोडतो. गीझर, वॉशिंग मशीन असलेल्या घरात तो हवाच, आणि तोही परवानाधारक वायरमनकडूनच बसवलेला. इथे वाचवलेले दोनशे रुपये जिवावर बेतू शकतात.